हापूस, सोंडकिडा आणि बंदरावरचा पहारा

१ मे २०१४. कोकणात हापूसचा हंगाम ऐन भरात होता. रत्नागिरीच्या बागांतून पेट्या वाशीच्या बाजाराकडे निघत होत्या आणि त्याच दिवशी युरोपीय संघाच्या २८ देशांची दारे भारतीय आंब्याला बंद झाली. आंब्याबरोबर वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांनाही मज्जाव झाला. कारण थोडक्यात सांगितले गेले : २०१३ या एका वर्षात भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि तत्सम कीड सापडली होती.

कोकणात संताप उसळला. ज्या फळाला राजा म्हणायचे, ते एका माशीपायी वेशीवर अडवले जावे ही गोष्टच अनेकांना अपमानास्पद वाटली. लंडन आणि लेस्टरमधील भारतीय दुकानदारांनी निषेध केला, खासदार कीथ वाझ यांनी बंदीविरुद्ध मोहीम चालवली. ब्रिटिश सरकारचे उत्तर कोरडे होते. त्या देशातील टोमॅटो-काकडीसारखे पीक वर्षाला ३२ कोटी पौंडांचे; परकी कीड आत शिरली तर ते धोक्यात येईल.

यामागे व्यापारी डाव आहे, असे तेव्हा बोलले गेले आणि आजही बोलले जाते. ही शंका तपासायची तर शंभर वर्षे मागे, मुंबई बंदरात जावे लागते. किडीच्या भीतीने परक्या मालाला दारात अडवण्याचा मार्ग भारतानेही अवलंबला होता आणि तोही अमेरिकी मालाविरुद्ध.

१८९० च्या दशकात मेक्सिकोतून एक करडा, लांब सोंडेचा, बोटाच्या नखाएवढाही नसलेला भुंगा टेक्सासमध्ये शिरला. कपाशीच्या कळ्यांना आणि बोंडांना सोंडेने भोक पाडून त्यात अंडी घालणारा हा सोंडकिडा वर्षागणिक पुढे सरकत गेला आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्याची अर्थव्यवस्था त्याने पार विस्कटून टाकली. शेतकरी कर्जात बुडाले, अनेकांनी कापूसच सोडला.

हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांचे या बातम्यांकडे लक्ष होते. मुंबईच्या गिरण्या लांब धाग्यासाठी अमेरिकी कापूस मागवत. त्या गाठींमध्ये सरकीचे तुकडे असत, आणि सरकीत किडा लपून येण्याची शक्यता होती. वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या जमिनीत हा पाहुणा उतरला असता तर काय झाले असते, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. १९०६ मध्ये सरकारने आयात कापसाला विषारी वायूची धुरी देणे सक्तीचे केले. पुढे अमेरिकी कापूस केवळ मुंबई बंदरातच उतरवावा आणि तेथे हायड्रोसायनिक वायूची धुरी दिल्याशिवाय तो बाहेर जाऊ नये, अशी व्यवस्था झाली. तो सोंडकिडा भारतात आजतागायत रुजलेला नाही.

किडीच्या इतिहासातील ही एक मोठी अडचण आहे. पहारा फसला की त्याची कहाणी होते. पहारा यशस्वी झाला की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणी ठेवत नाही. खानदेशातील कापूस उत्पादकाला अमेरिकी सोंडकिड्याचे नावही ठाऊक नसते, ते त्यामुळेच.

या अनुभवातून ३ फेब्रुवारी १९१४ रोजी एक छोटेखानी कायदा झाला. विनाशकारी कीटक आणि कीड अधिनियम, १९१४. पिकांना घातक ठरेल अशा कोणत्याही वस्तूची आयात रोखण्याचा किंवा तिच्यावर अटी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. तो आजही लागू आहे. आयातीसंबंधीचा २००३ चा सविस्तर आदेश त्याच्याच आधारावर काढलेला आहे. त्याची जागा घेण्यासाठी २०१३ मध्ये संसदेत नवे विधेयक मांडले गेले, पण लोकसभेची मुदत संपली आणि तेही संपले.

जगभरात या विचाराला चालना दिली ती द्राक्षवेलीने. १८६० च्या दशकात अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळांवरची उवेसारखी कीड फ्रान्समध्ये पोचली आणि तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त झाले. १८७८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे युरोपीय देशांनी एकत्र येऊन वेली-रोपांच्या वाहतुकीवर करार केला. १९५१ चा वनस्पती संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार हा त्याच घराण्यातला. मालाबरोबर ‘हा माल कीडमुक्त आहे’ असा सरकारी दाखला जायला हवा, ही रीत तेथून पक्की झाली. निर्यातदारांच्या बोलीत त्याला नुसते ‘फायटो’ म्हणतात.

आता हापूसकडे. कापसाच्या गोष्टीत भारत दारावरचा पहारेकरी होता. हापूसच्या गोष्टीत तो दाराबाहेर उभा असलेला पाहुणा आहे. आणि या पाहुण्याच्या पिशवीत खरोखरच काहीतरी होते.

त्यातला पहिला संशयित आंब्याच्या कोयीत राहतो. कोकणात ज्याला बाठा म्हणतात, त्याच्या आत. आंब्याच्या कोयीतील हा सोंडकिडा मूळचा भारत-ब्रह्मदेशाच्या टापूतला, म्हणजे आंब्याच्याच माहेरचा. फळ कोवळे असताना मादी सालीवर अंडे घालते. त्यातून निघालेली अळी गर पोखरत कोयीपर्यंत पोचते. कोय अजून टणक झालेली नसते, त्यामुळे आत शिरणे सोपे जाते. फळ वाढते तशी अळीची वाट बुजते. पिकलेला आंबा बाहेरून निर्दोष दिसतो, गरही बहुधा चांगला असतो. भुंगा आत कोयीत बसलेला असतो.

हापूस खाणाऱ्याला ‘साका’ ठाऊक असतो. वरून सोनेरी, कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर. साक्याने गिऱ्हाईक फसते. सोंडकिड्याने मात्र खाणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. फळ खाऊन बाठा परसात टाकला की त्याचा प्रवास पुरा होतो. स्वतःच्या पंखांवर हा भुंगा फार दूर जात नाही. समुद्र ओलांडायचा तर त्याला कोय हवी. बाहेर पडल्यावर तो झाडाच्या सालीच्या भेगांत दडून बसतो, थेट पुढच्या मोहोरापर्यंत.

या मार्गाने तो जग फिरला. १९०५ मध्ये हवाई बेटांवर त्याची नोंद झाली. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅरिबियन बेटे असे जेथे जेथे आंबा गेला तेथे तेथे यथावकाश तोही पोचला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मात्र तो नव्हता, आणि तो तेथे येऊ नये असा अमेरिकेचा आग्रह होता. डावाची शंका घेणाऱ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हवाई हा अमेरिकेचाच भाग. तरीही तेथील आंबा मुख्य भूमीवर नेण्यास अमेरिकेने दीर्घकाळ मनाई केली होती, आणि कारण हेच. जो नियम रत्नागिरीला, तोच होनोलुलूला.

तरीही भारतीय आंब्याला अमेरिकेत प्रवेश मिळायला सुमारे १८ वर्षे लागली, हे खरे. सोंडकिड्यापुढे गरम पाण्याचा उपाय फारसा चालत नाही. तो कोयीच्या कवचात सुरक्षित असतो आणि त्याला मारण्याइतकी उष्णता दिली तर आंबाच शिजतो. मग उत्तर सापडले ते अनपेक्षित ठिकाणी, नाशिक जिल्ह्यातील लासलगावला. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे २००२ मध्ये कोबाल्ट-६० वापरणारे विकिरण केंद्र उभारले होते : कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, अर्थात ‘कृषक’. आंब्याला किमान ४०० ग्रे इतकी मात्रा दिली की आतला किडा लगेच मरतोच असे नाही, पण त्याचा वंश पुढे वाढत नाही.

मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश भारतात आले. अणुकराराच्या त्या गाजलेल्या भेटीत आंब्याचाही विषय निघाला आणि भारतीय आंबा खायला आपण उत्सुक असल्याचे त्यांनी जाहीर केले. बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना भारताचे रस्ते खुले झाले, अशी चर्चा तेव्हा वृत्तपत्रांतून रंगली. मार्च २००७ मध्ये अमेरिकेचा नियम निघाला आणि एप्रिलच्या अखेरीस हापूस-केसरच्या १५० पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. रत्नागिरीचा आंबा आधी घाट चढून लासलगावला, तेथून मुंबईला आणि मग विमानात. पुढे वाशीलाही विकिरणाची सोय झाली.

या उपायात एक गुंतागुंत आहे. विकिरण दिलेला आंबा आणि न दिलेला आंबा यांत डोळ्यांना दिसणारा काही फरक नसतो. आत किडा जिवंत सापडला, तरी तो निर्वंश असू शकतो. मग बंदरावरच्या अधिकाऱ्याने विश्वास ठेवायचा कशावर? कागदावर. म्हणून अमेरिकेचे निरीक्षक हंगामात भारतात येऊन बसतात आणि त्यांच्या देखरेखीखाली प्रक्रिया होते. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे ते येऊ शकले नाहीत, तर दोन हंगाम अमेरिकेची निर्यात ठप्प झाली. मे २०२५ मध्ये तर विकिरण झालेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथे अडल्या. अमेरिकी अधिकाऱ्यांनी विकिरणाच्या नोंदींत त्रुटी काढली होती. नाशवंत माल परत आणणे परवडणारे नव्हते. तो तेथेच नष्ट करावा लागला.

दुसरी संशयित फळमाशी. ही सोंडकिड्यापेक्षा कितीतरी अधिक धोकादायक, आणि युरोपच्या बंदीचे मूळ मुख्यतः तीच.

घरमाशीएवढी, पिवळसर-तपकिरी, कमरेशी बारीक, काहीशी गांधीलमाशीसारखी दिसणारी. पक्वतेला आलेल्या फळाच्या सालीत मादी सुईसारखा अवयव खुपसून अंडी घालते. आतल्या अळ्या गर खातात, फळ कुजते, गळते. अळ्या मातीत शिरून कोषात जातात आणि पुन्हा माश्या होऊन वर येतात. तिला एकट्या आंब्याचे बंधन नाही. पेरू, चिकू, पपई अशी शेकडो फळे तिला चालतात. कोकणात बाग आणि रान यांच्यामध्ये फारसे कुंपण नसते. कलमांच्या पलीकडे रायवळ आंबे, त्यांच्या पलीकडे जंगल. रायवळाखाली सडणाऱ्या फळांचा ढीग म्हणजे माशीचा पाळणाच. हंगामाच्या अखेरीस, वळवाच्या सुमारास, तिचा जोर वाढतो, म्हणून मार्चचा आंबा जितका निर्धास्त तितका मेअखेरचा नसतो.

या माशीला पकडण्याची युक्ती मात्र भारतातच सापडली, तीही अपघाताने. बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत फ्रँक हाउलेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ होता. त्याच्या एका शेजाऱ्याने डासांपासून बचाव म्हणून सिट्रोनेलाचे तेल वापरले. डास गेले की नाही हे बाजूला राहिले. भोवती माश्यांचा थवा जमला. हाउलेटने पाहिले तर त्या फळमाश्या होत्या, आणि सगळे नर. १९१२ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि पुढील काही वर्षांत शोध घेऊन मिथाइल युजेनॉल या सुगंधी द्रव्यापर्यंत पोचला.

हेच द्रव्य तुळशीतही असते. अंगणात वृंदावन असलेल्या कोकणातील घरांना फळमाशीचे नर तुळशीभोवती घुटमळताना दिसले असतील, त्याचे कारण हे.

मिथाइल युजेनॉलचा वास आला की नर बाकी सारे विसरून त्याकडे धावतो. त्यात थोडे कीटकनाशक मिसळले की नर संपतात आणि माद्यांना जोडीदार मिळत नाहीत. १९६० च्या दशकात पॅसिफिकमधील रोटा या बेटावर अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे द्रव्य भिजवलेले लगद्याचे तुकडे विमानातून टाकले आणि बेटावरची फळमाशी समूळ नाहीशी केली. जपानने तोच मार्ग आपल्या दक्षिणेकडील बेटांवर अनेक वर्षे चिकाटीने चालवला आणि १९८६ मध्ये या जातीची माशी देशातून संपल्याचे जाहीर केले.

आणि १९८६ मध्येच जपानने भारतीय आंब्याला बंदी घातली. रत्नागिरीतून पाहिले तर ही आडमुठी वाटते. ओकिनावातून पाहिले तर, वर्षानुवर्षे झाडून-पुसून घर स्वच्छ केल्यावर कोणी चिखलाचे पाय घेऊन आत यावे तशी ती गोष्ट आहे. बंदी उठायला २० वर्षे लागली. २००६ मध्ये हापूस, केसर, बैंगनपल्ली, लंगडा, चौसा आणि मल्लिका या सहा जातींना परवानगी मिळाली, पण अटीवर. फळाच्या गाभ्याचे तापमान ४७.५ अंशांपर्यंत नेऊन ते २० मिनिटे टिकवायचे, उष्ण बाष्पाने, आणि जपानी निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत.

पहारा ढिला राहिला तर काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेने दिले. २००३ मध्ये केनियात एक अनोळखी फळमाशी सापडली. नंतर तशीच माशी श्रीलंकेत आढळली, तेव्हा ती आशियातून आल्याचे लक्षात आले. २००५ मध्ये तिला ‘इन्व्हेडेन्स’, म्हणजे आक्रमक, असे स्वतंत्र जातीचे नाव देण्यात आले. काही वर्षांतच सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत ती पसरली. आंबा पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचे फळ झाडाखालीच सडू लागले आणि त्यांची निर्यातही अडली. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी निर्णय दिला की ही वेगळी जात नव्हेच. ती आशियातील नेहमीचीच फळमाशी. कोकणात सापळ्यात पडते तीच.

हे सारे ध्यानात घेऊन २०१४ कडे पुन्हा पाहिले तर चित्र बदलते. २०७ ही संख्या लहान वाटते, पण एक गाभण मादी पुरेशी असते. युरोपच्या थंडीत ही माशी टिकणार नाही, हा तेव्हाचा युक्तिवाद ब्रिटनपुरता कदाचित ठीक होता. स्पेन, इटली, ग्रीसच्या लिंबू-संत्र्यांच्या बागांपुरता तो लंगडा होता. संघाचे दार एकच आहे. लंडनला उतरलेली पेटी तेव्हा पुढे कोठेही जाऊ शकत होती.

बंदी अन्यायाची होती असे म्हणता येत नाही. पण तिचा भार कोणावर पडला, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो रास्त आहे. मोठ्या निर्यातदाराला प्रक्रियेचा खर्च झेपतो. दोन एकरांत पन्नास-साठ कलमे असलेल्या बागायतदाराला नोंदणी, तपासणी, प्रतवारी आणि प्रक्रिया या साखळीत शिरणेच जड जाते. त्याच्या बागेत माशी नसली तरी दाखल्याअभावी त्याचा आंबा स्थानिक बाजारातच राहतो.

भारताने या वेळी वाद फार ताणला नाही, हे शहाणपणाचे झाले. युरोपसाठी आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात एक तास ठेवण्याची पद्धत ठरली. अंडी आणि कोवळ्या अळ्या सालीलगत असतात, त्यांना ही उष्णता पुरते. जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय समितीने बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले आणि पुढच्या हंगामाला दार उघडले. निर्यातीच्या बागांची ‘मँगोनेट’वर नोंदणी सुरू झाली, म्हणजे लंडनमध्ये माशी सापडली तर ती कोणत्या बागेतून आली हे शोधता यावे. पूर्वी हापूसची पेटी ‘रत्नागिरी’ या नावावर जात असे. आता तिला बागेचा पत्ता आला.

बागेतही बदल झाले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा आंब्याच्या फांद्यांवर दिसू लागला. आत मिथाइल युजेनॉलची वडी, म्हणजे हाउलेटच्या शेजाऱ्याची ती जुनी फजिती. गळालेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत, हा सल्ला त्याहून स्वस्त आणि त्याहून अवघड. कारण ऐन हंगामात माणसे मिळत नाहीत, आणि शेजारच्या पडीक बागेतील रायवळाची फळे कोणी पुरायची हा प्रश्न उरतोच. एका बागेतील सापळे शेजारच्या बागेतील माशीला आमंत्रण ठरतात. गावाने मिळून लावले तरच त्यांचा खरा उपयोग.

फळाचे झाले. आता ते ज्यातून जाते ती पेटी.

हापूसची पारंपरिक पेटी लाकडी. खाली-वर भाताचा पेंढा, मध्ये फळांचे थर, वर ठोकलेल्या फळ्या. पेंढ्याच्या उबेत आंबा सावकाश पिकतो. ती आढी कोकणी माणसाच्या आठवणीत घर करून असते. पण कच्चे लाकूड आणि पेंढा या दोन्ही गोष्टी किडीची उत्तम वाहने आहेत, आणि येथे बागेचा प्रश्न जंगलाचा होतो. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाडांच्या बुंध्यांत बोटभर रुंदीची गोल भोके दिसली. लांब मिशांचा, काळ्या पंखांवर पांढरे ठिपके असलेला आशियाई भुंगेरा चीनहून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून उतरला होता. मॅपलसारखी हजारो झाडे तोडून, चिपाड करून नष्ट करावी लागली. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ दुसरा, हिरव्या चकाकीचा भुंगेरा सापडला. त्याने पुढे ॲश जातीची कोट्यवधी झाडे मारली. तोही बहुधा बांधणीच्या लाकडातूनच आला.

त्याच २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला : परदेशी जाणाऱ्या मालाच्या बांधणीचे कच्चे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटे तापवलेले किंवा धुरी दिलेले हवे, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. बंदरावर उभ्या असलेल्या कोणत्याही लाकडी फळकुटावर हा शिक्का आज पाहायला मिळतो. निर्यातीचा हापूस पुठ्ठ्याच्या, भोके असलेल्या खोक्यांत गेला. त्यामागे वजन आणि दिसणे ही कारणे होतीच, पण जंगलांची ही भीतीही होती.

तिसरे वाहन रोप. आणि येथे रत्नागिरी पुन्हा बाजू बदलते : आता पाहुणे तिच्या दारात येतात.

महाराष्ट्राने हा धडा आंब्याच्या आधी सुबाभळीत घेतला होता. मूळ मध्य अमेरिकेतील हे झाड चारा आणि सरपणासाठी उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने, मणिभाई देसाई यांच्या पुढाकाराने, गावोगाव नेले. वनीकरणातही ते आले. त्याच झाडाच्या माहेरची एक उडी मारणारी, रस शोषणारी बारीक कीड १९८३ मध्ये फ्लोरिडात, १९८४ मध्ये हवाईत दिसली. मग एकेक बेट ओलांडत ती फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात आली आणि १९८८ मध्ये भारतात. कोवळी पालवी करपू लागली. चारा म्हणून लावलेल्या झाडावर चाराच उरेना. त्याच वर्षी थायलंडहून एक निळसर ढालकिडा मुद्दाम आणून तिच्यावर सोडण्यात आला. बारा हजार किलोमीटरहून अधिक अंतर किडीने पाच वर्षांत कापले होते. तिच्या शत्रूला सरकारी परवान्यांसह आणावे लागले.

कोकणात आता तीच कथा नारळावर घडते आहे. चक्राकार अंडी घालणारी ‘रुगोज’ पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेतील. २००४ मध्ये बेलीझमधून तिचे वर्णन झाले. २०१६ मध्ये ती तमिळनाडूतील पोल्लाचीच्या माडांवर आढळली आणि काही वर्षांत किनाऱ्याने वर सरकत कोकणात पोचली. झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाचे वेटोळे, आणि खालच्या पानांवर चिकट मधुरस पडून त्यावर चढलेली काळी बुरशी. माडाखालचे मिरवेल, केळी, सुपारी सारे काजळी फासल्यासारखे दिसते.

या माशीबाबत शास्त्रज्ञांचा सल्ला बागायतदारांना उलटा वाटतो : रासायनिक फवारणी करू नका. कारण तिच्यामागोमाग तिचा शत्रूही आला आहे. एन्कार्सिया नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालते. जेथे फवारणी थांबली तेथे ती वाढली. जेथे ती नाही तेथे तिचे वास्तव्य असलेले झावळीचे तुकडे आणून बांधायचे. कोकणचा मुसळधार पाऊसही मदतीला असतो. पण पाऊस संपला की माशी पुन्हा डोके वर काढते.

पांढरी माशी स्वतः फार लांब उडत नाही. ती रोपांवरून येते. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान दिले, तेव्हापासून कोकणात कलम आणि रोपे हा मोठा व्यवसाय झाला. उजाड कातळांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या त्या त्याच लाटेत. दरवर्षी मिरग जवळ आला की रोपांनी भरलेले ट्रक राज्याराज्यांतून ये-जा करू लागतात. केरळ-कर्नाटकातून माड आणि सुपारी, कोकणातून आंबा आणि काजू. १९१४ च्या कायद्याला नंतर जोडलेल्या कलमांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या किडीलाही रोखता येते. काही किडींसाठी देशांतर्गत तशी बंधने घातलीही गेली आहेत.

मात्र सह्याद्रीच्या घाटांतील वनखात्याच्या नाक्यांवर ट्रक थांबतो, तेव्हा पाहिला जातो तो लाकडाचा वाहतूक पास. रोपांच्या पानांची खालची बाजू उलटून पाहण्याची तेथे रीत नाही.